तेराच्या अलीकडे काही नाही

ओटिली क्रुम्बीगेल एकदा शंभर मीटर बारा सेकंदांत पळाली होती, आणि ते कुठल्याही कागदावर नाही. का नाही, हे सांगायचं तर वुटके मास्तरांपासून सुरुवात करावी लागते, आणि त्यांचं नाव घेतलं की अजून डोकं तापतं.

ओटिली केम्निट्झजवळच्या एका गावात मोज्यांच्या गिरणीत कामाला होती. संध्याकाळी गावच्या व्यायाम मंडळात जायची. मंडळाचं तत्त्व मोठं उदात्त. विक्रमांमागे धावतात ते शहरातले उथळ लोक. आपण सर्वांग घडवतो. त्यामुळे तिथं नुसती शर्यत नसायची. पळणं, उडी, गोळाफेक, जोडदांड्यावरच्या कसरती, प्रत्येकाला वीसपैकी गुण, आणि बेरजेवर ओकच्या पानांचा मुकुट. वेळ घ्यायचे ते गावच्या शाळेतले हे वुटके मास्तर. घड्याळ बघून ते छापील तक्त्यात गुण शोधायचे आणि तेवढेच लिहायचे. मुलींच्या शर्यतीत तेरा सेकंदांना पूर्ण वीस गुण होते. तिथं तक्ता संपायचा. त्याहून जोरात पळावं असं कुण्या मुलीला वाटेल, हे तक्ता करणाऱ्या भल्या माणसांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सत्तावीस सालच्या उन्हाळी मेळाव्यात ओटिली पळाली तेव्हा तिची गिरणीतली मैत्रीण फ्रीडा मास्तरांच्या खांद्याशी उभी होती. तिनं काटा पाहिला.

"मास्तर, बारा झालेत. पुरते बारा."

"म्हणजे वीस," मास्तर म्हणाले, वीस लिहिलं आणि कळ दाबून काटा शून्यावर आणला.

त्या दिवशी ओटिलीला त्याचं काही वाटलं नाही. मुकुट मिळाला, घरी कौतुक झालं.

पुढच्या वसंतात वर्तमानपत्रात आलं, की ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच बायका पळणार आहेत, अ‍ॅम्स्टरडॅमला. निवड चाचणीला यायचं तर शंभर मीटरची साडेबारा सेकंदांच्या आतली वेळ, वेळ घेणाऱ्याच्या सहीनिशी, आठ दिवसांत क्रीडा महासंघाकडं पाठवा. ओटिली तेव्हा पंचवीसची. यानंतरचं ऑलिंपिक चार वर्षांनी, हे तिला कळत होतं. शेजारच्या गावातल्या क्रीडा संघाकडं चांगली धावपट्टी होती, तीन घड्याळं होती. पण व्यायाम मंडळांचा महासंघ आणि क्रीडा महासंघ यांचं हाडवैर. व्यायाम मंडळाच्या पोरीला त्यांनी फाटकातूनच वाटेला लावलं.

ती मास्तरांच्या घरी गेली. मास्तर बटाटे आणि दह्याचा चक्का खात होते.

"तुझा निकाल नोंदलेला आहे," ते म्हणाले. "वीस."

"गुण नकोत मास्तर, वेळ हवीय. बारा होती. फ्रीडानं पाहिलंय."

"फ्रीडानं मोजे शिवावेत."

"मग तुम्ही सांगा, किती होती?"

"मला काय पाठ आहे होय ते? वर्षात तीनशे पोरी पळतात माझ्यासमोर."

"तीनशेंतली एक पहिली आलेली, मास्तर."

"हेच ते," मास्तरांनी जेवणाचा काटा खाली ठेवला. "पहिली, पहिली. हे खूळ कुठून घेतलंस?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "अहो, द्या ना लिहून. पोरगी दारात उभी आहे. तुमच्या हाताला काय मेंदी लागलीय?"

मास्तरांनी लिहिलं, शिक्का मारला, पाकीट चिकटवून दिलं. ओटिलीनं ते न उघडता टपालात टाकलं. मास्तरांनी बंद केलेलं पाकीट फोडायची रीत तिच्या घरात नव्हती.

दहाव्या दिवशी ते परत आलं. मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: तेरा सेकंद. खाली क्रीडा महासंघाची एक ओळ होती, की ही वेळ पात्रतेत बसत नाही.

ती तशीच शाळेत गेली आणि कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. ते खरोखरच चक्रावले. माणूस लबाड नव्हता, हेच तर वाईट.

"अगं, वीस गुण म्हणजे तेरा. जे शपथेवर सांगता येईल तेच मी लिहिणार ना? तेराच्या अलीकडे तक्त्यात काही नाही."

"तक्त्यात नाही. मी होते, मास्तर."

"मी तुला पैकीच्या पैकी दिलेत, पोरी," ते दुखावून म्हणाले. "आणखी काय द्यायचं माणसानं?"

ओटिलीनं मंडळ सोडलं. लग्न झालं, दोन मुलं झाली. चार वर्षांनी, एकोणतिसाव्या वर्षी, फ्रीडाच्या नादानं तिनं क्रीडा संघात नाव घातलं. आता तिला कुणी अडवलं नाही. ती त्या चांगल्या धावपट्टीवर पळाली. तिघांनी तीन घड्याळं लावली, एकमेकांना काटे दाखवले, तिघांनी सह्या केल्या. महासंघाच्या वहीत तिच्या नावापुढं तेवढी एकच वेळ आहे. साडेतेरा.