चरातला टेकू मांडवात

मी एक जुना लोखंडी टेकू आहे. कारखान्यात अंगावर आटे पाडले, एकदा पिवळा रंग फासला. लाड झाले ते तेवढेच.

मित्रांनो, माझं काम आडवं पडून राहण्याचं. लगेच आळशी म्हणू नका. गाझियाबादेत मैल्याच्या पाइपसाठी माणूस दिसेनासा होईल इतका खोल चर खणतात. दोन्ही भिंतींना फळ्या लावून मधे आम्हा टेकूंना आटे फिरवून घट्ट बसवतात. माती आत यायला बघते, आम्ही येऊ देत नाही. दिवसभर काही घडत नाही, म्हणून कौतुकही होत नाही. उलट माणसं आमच्यावर गमछे वाळत घालतात.

साइटचा इंजिनियर उन्मेष कॉलनीतल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरीही होता. गणपती बसायच्या दिवशी मांडवाचा कोपरा पावसानं झुकला. उन्मेषनं आम्हा दोघा टेकूंना चरातून काढलं. खाली पाइप जोडणारा राघव वर बघत राहिला. उन्मेष म्हणाला, "अरे, मिट्टी सीधी खड़ी है. शाम तक वापस."

मांडवात मी आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. शेजारच्या अलकाकाकू मला झेंडूची माळ गुंडाळू लागल्या. लोखंडाला असलं काही वाटत नाही म्हणतात. पण मला बरं वाटलं खरं. तेवढ्यात काकूंच्या हाताला ओली माती लागली.

"हा कुठून आणलास रे?"

"साइटवरून, काकू. चरातला आहे."

"मग तिथे आता काय लावलंयस?"

उन्मेष हसायला गेला आणि थांबला. त्यानं फोन लावला. "राघव, सबको ऊपर बुला. अभी. पाइप रहने दे."

पुढचं मला चरात राहिलेल्या भावंडांनी सांगितलं. सगळे वर आले. राघव चपलांसाठी परत उतरू लागला, तेव्हा माती वाहणाऱ्या त्याच्या बायकोनं, पार्वतीनं, त्याचा गमछा धरून मागे खेचलं. "चप्पल दूसरी आ जाएगी." तो कुरकुरत असतानाच चराची भिंत ढासळली. भावंडं वाकली. माणूस एकही आत नव्हता.

आम्हाला त्याच दुपारी परत नेलं. मांडवाच्या कोपऱ्याला बांबू लागला. गणपती झुकत्या छताखालीच बसला. आरतीला राघव नव्या चपलांत आला. त्यानं काढताच पार्वतीनं त्या स्वतःच्या पिशवीत ठेवल्या.

आता मी पुन्हा आडवा आहे. आट्यात झेंडूची एक पाकळी अडकलीय. मित्रांनो, मी कुठे सजून उभा दिसलो, तर माळ नंतर घाला. आधी विचारा, याला कुठून काढलं आणि तिथे खाली कोण आहे.