जामबागच्या शाळेतलं डब्यांचं टेबल

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुनं सागवानी टेबल आहे. आज कुलूपबंद खोलीत धूळ खातंय, पण तेलुगू मुलखातल्या जामबागच्या एका मराठी शाळेचा कारभार माझ्यावरच चालायचा. फुशारकी वाटली तर वाटू द्या!

मला शिक्षकखोलीसाठी मुद्दाम लांबलचक बनवलं होतं, कारण मधल्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र जेवायची इथली रीत. कुणाची ज्वारीची भाकरी, कुणाची गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची चटणी, कुणाचा खड्या मसाल्याचा बगारा भात. मधोमध मुख्याध्यापक एकनाथराव. बैठकीत त्यांना तोंडावर कुणी नाही म्हणत नसे. मोठ्या माणसाला नाही म्हणणं म्हणजे बेअदबी! पण जेवताना जिभा सुटायच्या. "सर, काल ठरलं ते काही जमणार नाही बघा," असं कुणीतरी भाकरी मोडता मोडता बोलायचं. सर हसायचे आणि ठरलेलं बदलायचे.

ते निवृत्त झाले आणि योगिनीमॅडम आल्या. हुशार, तळमळीच्या. पहिलीचा वर्ग ओस पडत चालला होता. मुलांना मराठी यावं असं पालकांना वाटायचं, पण गणित इंग्रजीतून हवं होतं. तसं केलं नाही तर पहिली बंद पडेल, हे मॅडमनी ओळखलं. त्यांचं अगदी खरं होतं. पण त्या डबा आपल्या खोलीत एकट्याच खायच्या, काम उरकता उरकता.

बैठकीत त्यांनी विचारलं, "सुमनबाई, जूनपासून पहिलीचं गणित इंग्रजीतून. जमेल ना?"

"हौ मॅडम," सुमनबाई म्हणाल्या. बाकीचेही हौ म्हणाले. मॅडमना वाटलं, झालं काम. त्यांनी पालकांना तसा शब्दही दिला.

त्या दुपारी सुमनबाईंनी डबा उघडलाच नाही. शेजारच्या भामाबाईंना म्हणाल्या, "मला इंग्रजीत बोलता येत नाही गं. पोरांसमोर अडखळले तर? एवढी वर्षं बाई म्हणून मान मिळवला."

"मग मॅडमला सांगून टाक ना."

"नक्को बाई! लाज वाटते."

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर टपकलं. मला तोंड असतं ना, तर मॅडमच्या दाराशी जाऊन ओरडलं असतं!

मग सुमनबाई वर्गाचं दार लोटून गणित मराठीतूनच शिकवत राहिल्या. पालकांना कळलं. आपल्याला फसवलं म्हणाले, आणि एकेकाने मूल काढून नेलं. संस्थेने पहिली बंद केली.

तेव्हा कुठे मॅडम पहिल्यांदा माझ्यापाशी येऊन सुमनबाईंसमोर बसल्या. "जमत नव्हतं तर हौ का म्हणालात हो?"

"भीती वाटली मॅडम. काय बदलायचं ते तुम्ही सांगितलं. मला काय जड जाईल, ते नाही विचारलंत."

मॅडमनी खुर्ची सुमनबाईंच्या जवळ ओढली. मग म्हणाल्या, "चुकलंच माझं. आपण दोघींनी मिळून वर्ग घेतला असता." दोघीही रडल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढच्या जूनमध्ये कुकटपल्लीहून मनीषा नावाची आई आली. सोबत पाठीला नवं दप्तर लावलेली छोटी राणी. "हिला तेलुगू येतं, हिंदी येतं. आजीशी मात्र मराठीत बोलता येत नाही. पहिलीत घ्या ना मॅडम."

"पहिली नाही राहिली आता," मॅडम खाली बघत म्हणाल्या.

राणीने शेजारी उभ्या असलेल्या सुमनबाईंकडे पाहिलं. "मग तुम्ही कुणाला शिकवता?"

 मायलेकी आल्या तशा परत गेल्या. पुढे बाईंनीही नोकरी सोडली आणि मला पहिलीच्या रिकाम्या खोलीत टाकलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी मोठ्या खुर्चीवर बसेल. समोरचा हो म्हणाला म्हणून लगेच उठू नका, त्याला कशाची धास्ती आहे ते विचारा. आणि एखादं काम येत नसेल, तर लाजू नका रे, सांगा. एवढं वेळेवर झालं असतं, तर या खोलीत आज राणी बसली असती.