तीन वर्षं टिकणारा वायसर

पंपाचा वायसर हवा असेल तर त्या भागात एकच पत्ता सांगितला जायचा, दादा आणि ताईंचा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन प्रेस, रबर मळायचं एक यंत्र आणि कितीही धुतलं तरी कपड्यांतून न जाणारा जळकट वास. ताई खरं तर दादापेक्षा सहा वर्षांनी लहान, पण सगळे म्हणतात म्हणून तोही तिला ताईच म्हणायचा. गिऱ्हाईकं त्याने सांभाळायची, रबराचं मिश्रण तिने, अशी वाटणी वडील गेल्यापासून ठरून गेली होती. बाहेरचा वायसर कोणी बसवलाच, तर पंप दोन दिवसांत गळायला लागायचा आणि माणूस पडेल चेहऱ्याने यांच्याच दारात यायचा.

यांचा वायसर आठ महिने टिकायचा. मग झिजायचा आणि गिऱ्हाईक परत. "आपलं रबर मोठं इमानी," दादा म्हणायचा. "वेळेवर मरतं."

एक दिवस ताई मिश्रणाच्या खोलीतून एक वायसर घेऊन आली. "आपल्या मागच्या अंगणातल्या पंपातून काढलाय. चौदा महिने झाले. नख लावून बघ."

दादाने नख लावलं. कड नव्यासारखी होती. "काय घातलंस यात?"

"घातलं कमी, भाजलं जास्त. दोनदा, मंद आचेवर. माझ्या अंदाजाने तीन वर्षं जाईल."

दादाला आधी अभिमान वाटला. मग त्याचा चेहरा बदलला. "अगं, लोक तीन वर्षांनी उगवणार असतील तर मधल्या काळात आपण काय माशा मारायच्या?"

"जास्त किंमत लाव. लांबच्या बाजारात पाठव. आपण नाही केलं तर दुसरं कोणीतरी करेल."

"कोण करणार? दुसऱ्या कोणाकडे तू आहेस?"

तो हे कौतुकाने म्हणाला होता. ताई हसली नाही. "मग तुझ्याकडे मी असून काय उपयोग?"

"चिडू नकोस. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी तिने विचारलं, त्याच्या पुढच्या वर्षीही विचारलं. दोन्ही वेळा तो हसून तेच म्हणाला. नंतर तिने विचारणं सोडून दिलं. खिडकीत तिने तारखा घालून मांडलेले वायसरचे नमुने एका सकाळी तिथे नव्हते, पण ते दादाच्या लक्षातही आलं नाही.

त्याच सुमारास लाँड्रीवाल्या काकू आल्या. वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. "जरा जास्त टिकणारा नाही का रे मिळणार? पंप उघडायचा म्हणजे माझी अर्धी सकाळ जाते."

"काकू, रबर ते रबर. झिजणारच," दादा म्हणाला. इतक्या सहज म्हणाला की त्याला स्वतःलाही ते खरं वाटलं.

चौथ्या वर्षी एका मोठ्या कंपनीचे पंप दुकानांत दिसू लागले. वायसर आतच बसवलेला, तीन वर्षांची हमी. दादाने महिनाभर त्यांची टिंगल केली. मग एक प्रेस आठवड्यातून दोन दिवस बंद राहू लागला, मग चार दिवस. शेवटी तो मिश्रणाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "ताई, काढ तुझा वायसर."

पंधरा दिवसांत तिने माल तयार केला. 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पहिला माल घेऊन दादा काकूंकडे गेला. सोबत प्रेसवरचे म्हातारे मिस्त्री होते. "काकू, हा तीन वर्षं बघायला नको," दादा म्हणाला.

"टिकणारच," मिस्त्री फुशारकीने म्हणाले. "ताईंनी चार वर्षांपूर्वीच बनवला होता. मीच भाजलाय."

काकूंनी हातातला वायसर टेबलावर ठेवला. "म्हणजे रबर ते रबर म्हणालास, तेव्हा हा तुझ्याकडे होता?"

मिस्त्री जमिनीकडे बघू लागले. काकूंनी आवाज चढवला नाही, दोघांना चहा दिला, दारापर्यंत सोडायलाही आल्या. आत कंपनीचा नवा पंप चालल्याचा आवाज येत होता.

दोन महिन्यांनी त्याच कंपनीने ताईला नोकरी देऊ केली. तिने हो म्हणून टाकलं होतं. सांगायला आली तेव्हा दादा म्हणाला, "तेव्हा भांडली का नाहीस माझ्याशी?"

"भांडले, दादा. तीनदा. तू दर वेळी हसलास."

"थांब ना. आता तू म्हणशील तसं करू."

"आता इथे मला काही सुचतच नाही रे. तिथे सुचतं का बघते."

एक प्रेस विकला गेला. दुसऱ्यावर खुर्च्यांच्या पायांना लावायची टोपणं निघतात, त्यात घर चालतं. सुट्टी असली की ताई येते. वहिनीला हातभार लावते, गुडघेदुखीवर बोलते, मुलांना रागावते. कामाचं कोणीच काढत नाही.

एकदा दादाला राहवलं नाही. "सध्या काय करतेस तिकडे?"

ताईचा चेहरा एकदम उजळला. तिने जवळचा कागद ओढला, त्यावर एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा. दादा खुर्ची सरकवून जवळ आला. किती वर्षांनी तो असा तिच्या कागदावर वाकून बघत होता. आणि तिचा हात थांबला.

"हे बाहेर सांगायचं नसतं रे," ती ओशाळून म्हणाली.

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "सांगूच नकोस."

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि वहिनीला हाक मारून विचारलं, भाजी चिरायची राहिलीय का.