पोटाला लावलेलं कुंकू

मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांच्या घरात राजाबाई भाकरी थापत होती आणि तिची मुलगी मंजुळा फोन हातात धरून शेजारी बसली होती. मेंढ्यांच्या फुप्फुसाच्या रोगावर ती विद्यापीठात संशोधन करत होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने तिला वर्षभरासाठी बोलावले होते. अडले होते ते व्हिसावर. बरोबरच्यांचे कधीच आले. हिचा मात्र ‘चौकशी सुरू आहे’ म्हणून पडून होता.

कारण घरातच होते, आणि ते तिला आज कळले.

“गेल्या म्हयन्यात मुंबईहून, तुझ्या व्हिसाच्या कचेरीतल्या एका बाईचा फोन आला व्हता,” वडील त्रिंबक खाली बघत म्हणाले. “पोरीचं लगीन झालंय का, इचारीत व्हती. मी म्हणलं, व्हय.”

मंजुळाने हातातला फोन खाली ठेवला. अर्जात तिने अविवाहित लिहिले होते.

“आबा, माझं लग्न कधी झालं?”

“पोटाला कुंकू लावलेलं ना. खोटं कसं बोलू?”

माणूस लबाड नव्हता, हीच पंचाईत. मंजुळा पोटात असताना राजाबाईचा भाऊ बिरू याने बहिणीच्या पोटाला कुंकू लावून ठेवले होते. मुलगी झाली तर ती आपल्या मुलाची बायको. आपण मडके घेतानाही टिचकी मारून बघतो. इथे जन्माला न आलेल्या पोरीचे लग्न ठरले आणि जातपंचायतीचे पंच जेवून हात धुऊन गेले. आता शब्द मोडला तर घर वाळीत.

दुपारी बिरू सिल्लोडहून आलाच. हातात हिरवी साडी होती.

“मंजुळीला न्यायला आलोय. इमानात बसली की कशाची माघारी येती?”

आतल्या खोलीत मंजुळा दाराआड उभी राहिली. तेवढ्यात बाहेर त्रिंबकचा फोन वाजला. त्रिंबकला ऐकायला कमी येई, म्हणून फोनचा आवाज नेहमी मोठा असे. तीच बाई होती.

“आपकी लडकी की शादी के बारे में फिर पूछना था. हुई है क्या?”

“सांगा की दाजी,” बिरू हळूच म्हणाला. “खरं त्ये सांगा.”

त्रिंबकने फोन कानापासून दूर धरला आणि बायकोकडे बघितले. मंजुळाला धावत जाऊन फोन घ्यावासा वाटला, पण मामा मध्येच बसला होता. आणखी एका ‘व्हय’ने तिचे सगळे बुडणार होते.

राजाबाईने नवऱ्याच्या हातून फोन घेतला. शहागंजात भाजी विकून तिची दखनी हिंदी तयार झालेली.

“मैं उसकी माँ. शादी नहीं हुई. कुंकू मेरे पेट को लगाए, मेरे कू पूछे बिना. उसमें लडकी का क्या?”

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग, “ठीक है, लिख लेती हूँ.”

बिरू उठला. “आक्का, आजपासून तू मला मेली. आता पंचच येतील.”

“येऊ दी,” राजाबाई म्हणाली. “पन तवा कुनी इचारलं नाय मला. आता माझ्यासंगं बोलावं लागंल.”

व्हिसा अजून आलेला नाही. परक्या मुलखातल्या कचेरीने या मुलीबद्दल दोनदा विचारले. आपण, तिच्या गावाने, एकदाही नाही. दारावर थाप पडली की व्हिसा आणणारा कुरिअरवाला की पंच, या विचाराने तिघेही दचकतात. मग राजाबाई उठते आणि दार उघडते.