आबांचे चिंचोके

सुरुचीचं बूड काही खुर्चीला टेकत नव्हतं. शेजारी तिची साडेचार वर्षांची शेफाली, टेबलापलीकडे शाळेच्या बाई, आणि मांजरी गावातल्या या शाळेत उरलेली शेवटची जागा. ती गेली की एवढ्याशा पोरीला रोज बसनं हडपसरला धाडायचं. जीव नुसता टांगणीला लागला होता.

महिनाभर तिनं शेफालीकडून वन टू हंड्रेड घोकून घेतलं होतं. पण सासरे! शेत गेलं, तिथं टॉवर उभे राहिले, तरी आबांची मापं काही सुटली नाहीत. रोज नातीपुढं सात चिंचोके मांडायचे, तिनं डोळे मिटायचे, आबांनी दोनतीन मुठीत लपवायचे. उरलेले बघून पोरीनं लपलेले किती ते सांगायचं.

"आबा, बास करा तो पोरखेळ! शाळेत चिंचोके विचारणारेत का?" ती करवादली होती.

आज तेही हट्टानं आले होते आणि बाहेर बाकावर बसले होते.

"शेफाली, यातले सात मणी दे मला," बाई म्हणाल्या.

शेफालीनं एकेक मणी सरकवला. "लाभ, दोन, तीन..."

सुरुची मनात चरफडली. मेलं ते लाभ! धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं, ही आबांची खळ्यावरची रीत.

"एक आज रजेवर आहे वाटतं?" बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं. "पाया कच्चा आहे हो. पुढच्या वर्षी आणा."

सांगावं का यांना खळं न् मापं? सुरुचीला लाज वाटली. ओढणीचं टोक पिळत ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याचाच तिला संताप आला.

बाई मणी आवरू लागल्या.

"तुमच्या मुठीत तीन आहेत," शेफाली म्हणाली.

बाई थबकल्या. टेबलावर चार मणी होते. मूठ उघडली तर खरंच तीन.

"मीट डोळे. हं, आता?"

"पाच."

"आणि आता?"

शेफालीनं टेबलावरच्या सातही मण्यांकडे पाहिलं आणि ओठ फुगवले. "एक पण नाही. फसवताय तुम्ही!"

बाईंना हसू फुटलं. "अगं बाई! सकाळपासून शंभरपर्यंत धडाधड म्हणणारी पोरं बघतेय. सात मणी मागितले की मूठभर देतात. हिला कुणी शिकवलं?"

'मी' असं सुरुचीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"माझ्या सासऱ्यांनी," ती म्हणाली. मग तिनं लाभाची रीतही सांगून टाकली.

"मग मघाशी तोंडाला कुलूप होतं का?" असं म्हणत बाईंनी प्रवेशाचा फॉर्म पुढं सरकवला.

सुरुची शेफालीला घेऊन बाहेर आली तसे आबा धडपडत उठले. "माझ्यापायी घोळ झाला का गं?" त्यांनी खिशातून चिंचोक्यांची पुरचुंडी काढून तिच्यापुढं धरली. "हे घे, टाकून दे. न्हाई खेळायचो आता."

सुरुचीला भडभडून आलं. तिनं पुरचुंडी घेतली, बाकावर सोडली आणि सात चिंचोके मांडले.

"लपवा, आबा," ती म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.