चौदाव्या दिवसापर्यंत सर्व ठीक

सुनेला बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते आणि सासऱ्यांच्या मते कामकाज समाधानकारक चाललं होतं. सासरे शाळेतले निवृत्त हेडक्लार्क. नर्सबाईंनी बाळंतिणीचं कार्ड घरात आणलं, तेव्हा कुणी मागायच्या आत त्यांनी ते ताब्यात घेतलं होतं. रोजचे पाच रकाने: ताप, रक्तस्राव, डोकेदुखी, दिसण्याचा त्रास, सूज.

"रोज तिला विचारायचं आणि मग लिहायचं, काका. यातलं काही दिसलं तर माझी वाट बघायची नाही. थेट दवाखाना."

काकांनी मान डोलावली. पण सुनेला असले प्रश्न विचारायचे म्हणजे... छे! दोन दिवस त्यांनी बायकोमार्फत चौकशी केली. "ठीक आहे सगळं," बायको म्हणाली. कोरा रकाना काकांना बघवत नसे. तिसऱ्या दिवशी त्यांनी आठवडाभराचं 'नाही, नाही, नाही' देखण्या अक्षरात लिहून टाकलं. आणि हात बसलाच होता म्हणून पुढच्या आठवड्याचंही.

नवव्या दिवशी सकाळी नर्सबाईंनी कार्ड पाहिलं.

"काका, चौदाव्या दिवशी हिला सूज येणार नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काम तुंबायला नको म्हणून..."

नर्सबाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. आत सून भिंतीला टेकून बाळाला पाजत होती, एक डोळा गच्च मिटून.

"डोळ्याला काय झालं गं?"

"उघडला की ठिपके नाचतात, ताई. आणि डोकं नुसतं ठणकतंय."

"जागरण हो," सासूबाई म्हणाल्या. "आमची नव्हती का दुखत? आम्ही नाही गावभर सांगत बसलो."

नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला. मग दुसऱ्या दंडाला. त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या, तसे काका उंबऱ्यातच थिजले.

"एकशे सत्तर, एकशे दहा. गाडी कुणाकडे आहे?"

"अहो, पण बीपी तिला कधीच नव्हतं! बाळंतपणही सुखरूप झालं."

"बाळंतपणानंतरही चढतं, काका. झटके येऊ शकतात. गाडी!"

नोकरीत एकदाही कुणी धावताना न पाहिलेले हेडक्लार्क गिरणीवाल्याच्या टेम्पोपर्यंत धावत गेले. टेम्पोत सून गादीवर कुशीला वळून पडली, बाळ सासूबाईंकडे, उशाशी नर्सबाई. प्रत्येक खड्ड्याला काका ड्रायव्हरला "हळू!" म्हणत आणि लगेच "लवकर!" म्हणत. शेवटी त्याने विचारलं, "यातलं कुठलं ऐकू?"

दवाखान्यात नर्सबाई औषधाच्या खोलीकडे पळाल्या. डॉक्टरीणबाईंनी काकांच्या हातातलं कार्ड घेतलं.

"वा, व्यवस्थित भरलंय. डोकेदुखी नाही, दिसण्याचा त्रास नाही. म्हणजे आजच सुरू झालं?"

काकांना 'हो' म्हणणं सोपं होतं.

"खोटं आहे ते. मी घरबसल्या लिहिलंय. तिला कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारा."

डॉक्टरीणबाई खाटेवरच्या सुनेकडे वाकल्या.

"परवा दुपारपासून डोकं," सून म्हणाली. "कालपासून ठिपके."

इंजेक्शन गेलं. सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आज-उद्या इथेच राहायचं. धोका टळला असं इतक्यात म्हणता येणार नाही. सासूबाई बाळाला थोपटत राहिल्या. बाळ केव्हाच झोपलं होतं.

काका स्टूल ओढून बसले. दोनदा खाकरले.

"डोकं कसं आहे?"

"थोडं कमी आहे, बाबा."

"ठिपके?"

"आहेत अजून."

काकांनी नजर छताकडे वळवली. कान लाल झाले. "आणि ते... रक्तस्रावाचं?"

सासूबाईंचा थोपटणारा हात थांबला. सुनेने दोन्ही डोळे उघडून सासऱ्यांकडे पाहिलं. "तेवढं ठीक आहे."

सिस्टर पट्टा घेऊन आली. तिने हवा भरली.

"एकशे पन्नास."

"हा वरचा ना?" काकांनी विचारलं.

"वरचा."

"आणि खालचा?"