माझ्या कपाळावरची लाल पट्टी

मी एक जुना संगणक आहे आणि मित्रांनो, मी मनात राग धरून आहे. तो लपवायची मला गरज वाटत नाही.

आठ वर्षं मी पौडला, कचेरीसमोरच्या विलासशेठच्या गाळ्यात राबलो. अर्ज, हरकती, प्रतिज्ञापत्रं, सगळं माझ्यावर टाइप व्हायचं. टाइप करायची जया. ती रोज सकाळी कोरड्या फडक्याने माझी धूळ पुसायची. विलासशेठ माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवायचा.

गाळ्याची एक रीत होती. नवा अर्ज मुळापासून कोणी लिहीत नसे. जुना उघडायचा, नाव, गाव, गट नंबर बदलायचा आणि छापायचा.

गेल्या वर्षी माझ्यातल्या लिखाणाच्या सॉफ्टवेअरचा परवाना संपला. जया म्हणाली, खात्रीच्या ठिकाणाहून घेऊ. विलासशेठने इंटरनेटवर नव्वद टक्के सवलतीतला 'आयुष्यभराचा परवाना' शोधून काढला आणि स्वतःच्या हुशारीवर आठवडाभर खूश राहिला. तोच परवाना आणखी शंभर जणांना विकलेला होता.

मार्चमधल्या एका दुपारी माझ्या कपाळावर लाल पट्टी आली. परवाना बाद. जुने अर्ज दिसत होते, छापताही येत होते, पण त्यातलं एक अक्षर बदलेना.

समोर मुठा गावची लिलाबाई बसली होती. तिच्या वावरावर पुतण्या स्वतःचं नाव चढवत होता. हरकत द्यायची ती शेवटची तारीख. जया जेवायला गेलेली, आणि विलासशेठला तर अर्जाचं एक वाक्य स्वतःहून जुळवता येत नसे. त्याने तानाजी नावाच्या कुणाची जुनी हरकत छापली, नावावर व्हाइटनर फासलं आणि वर पेनने लिलाबाईचं नाव लिहिलं. दुसऱ्या पानावर गट नंबर तानाजीचाच राहिला. कचेरीच्या खिडकीवरून लिलाबाई कागद घेऊन परत आली.

तेवढ्यात जया आली. गाळा माणसांनी भरलेला होता.

"ह्या पोरीनंच मशीन बिघडवलं," विलासशेठ सगळ्यांना म्हणाला. "उद्यापासनं येऊ नगंस."

जयाचा चेहरा पडला. माझं डोकं तापलं. तिने परवान्याच्या खरेदीचा मेल उघडला आणि पडदा लोकांकडे फिरवला. विलासशेठचं नाव, तारीख, सवलत, सगळं ठळक. तो माउसवर झडप घालून मेल बंद करायला गेला. मी गोठलो. म्हातारं यंत्र अडकतंच, पण खरं सांगतो, त्या दिवशी मी मुद्दाम अडकलो. त्याने भिंतीतली पिन उपटली. मला बॅटरी जोडलेली आहे, हे तो रागात विसरला. पडद्याचं बटण तर त्यानेच कधीचं मोडून ठेवलं होतं.

"काय लिवलंय त्यात?" लिलाबाईने शेजारच्या हनुमंताला विचारलं. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. मी एकेक अक्षर धरून ठेवलं होतं.

"व्हय रं विलास, माल तू आणलास आन् खापर पोरीवर फोडतुयास?" लिलाबाई म्हणाली. "जया, ऊठ. हातानं लिव. मी सांगते."

जया समोर कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसली. बघता बघता गाळ्यातली सगळी माणसं तिच्यामागे गेली. कचेरीची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना लिलाबाईची हरकत दाखल झाली. आत विलासशेठ माझ्यासमोर एकटा बसून होता, आणि मला फार बरं वाटत होतं.

आता मी माळ्यावर पडलोय. जयाचं टेबल त्याच ओट्यावर लागतं आणि रांग तिच्याकडे असते. मित्रांनो, यंत्र जुनं झालं की खुशाल टाकून द्या. पण त्याच्यावर राबणाऱ्या माणसाला जपा, आणि आपली चूक त्याच्या माथी मारू नका. आम्ही सगळं साठवून ठेवतो, आणि वेळ आली की चारचौघांत दाखवतो.